न आलेला लाल रंग

पाणीकपात लागली तसा आमच्या सोसायटीच्या कमिटीने ठराव केला : बागेला महापालिकेचं पाणी बंद, बोअरचं चालू. आमची इमारत मुलुंड पूर्वेला. हायवे ओलांडला की मिठागरं, त्यापलीकडे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, त्यापलीकडे ठाण्याची खाडी. इथे बोअरला गोडं पाणी लागेल अशी आशा धरणाऱ्याने नकाशा उघडूनही पाहिला नसावा. मी त्या मीटिंगला हजर होतो, हातही वर केला होता. म्हणजे पापात माझाही वाटा आहे.

पंधरा दिवसांत गुलाबाची पानं कडेने करपायला लागली. पापड भाजताना कसा आधी कडेला जळतो, तशी. मग तगर, मग जास्वंद. पानं मलूल दिसतात म्हणून माळीदादा बिचारे आणखी पाणी घालत राहिले, म्हणजे आणखी मीठ. शेवटी मी कंपनीतून पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणला आणि पाइपाखाली धरला. आकडा चार हजारांच्या वर गेला. आमच्या नळाच्या पाण्यात हाच मीटर शंभराच्या आसपास रेंगाळतो.

आई हे सगळं खिडकीतून बघत होती. "खारा पानी घातलाव, त झारा जलतील नाय त काय?" एवढंच म्हणाली आणि कैरीच्या फोडींना मीठ लावायला आत गेली. तिचं माहेर पेणकडच्या खारेपाटात, सासर भांडुप गावात. माझे वडील मिठागरावर कामाला होते. म्हणजे खारं पाणी काय करतं हे मी तिला सांगायची गरज नव्हती. तरी मी केमिस्ट असल्यामुळे सांगायला गेलो. तिने परातीकडे बोट दाखवलं. तासाभरात फोडी आकसल्या होत्या आणि परातीत पाणी सुटलं होतं. "ह्याच ना तुजा ऑस्मोसिस?" शब्द माझाच, मी बारावीत असताना पाठ करायचो तेव्हा कानावर पडलेला.

हेच होतं. मुळाबाहेर मीठ जास्त झालं की पाणी आत यायचं सोडून बाहेर जायला बघतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. त्याचा ऑस्मोटिक दाब साधारण २५ वातावरणांइतका भरतो. गाडीच्या टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन भरतो. तिवर चोवीस तास, बारा महिने एवढ्या ओढीच्या विरुद्ध चिखलातून पाणी वर खेचत असतं. १९६०च्या दशकात शोलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने खारफुटीच्या फांद्या दाबाच्या भांड्यात घालून ही ओढ मोजली, तेव्हा दिसलं की खोडातून वर चढणारा रस जवळजवळ गोड्या पाण्यासारखा असतो. मुळं नव्वद टक्क्यांहून जास्त मीठ दारातच अडवतात. उरलेलं तिवर पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. लहानपणी भांडुपच्या बांधावर आम्ही तिवराची पानं तोडून चाटायचो, ते हेच मीठ. (आता तोडू नका. २००५ साली उच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हापासून खारफुटीला हात लावणं महागात पडतं, आणि पडावंच.)

माझं डोकं मात्र दुसरीकडेच अडकलं. मीठ अडवलं, बाहेर टाकलं, हे शाळेतही शिकवतात. पण थोडं मीठ आत शिरतंच, आणि तिवर ते मुद्दाम साठवतंही. पेशीच्या मधोमध रसाची मोठी पिशवी असते, रिक्तिका. वाढ झालेल्या पेशीत नव्वद टक्क्यांपर्यंत जागा हीच व्यापते. मीठ त्यात भरून ठेवलं की बाहेरच्या खारटपणाशी बरोबरी होते. आमच्या चाळीतल्या पोटमाळ्यासारखं. लागत नाही पण टाकवतही नाही असं सगळं वर कोंबायचं. अडचण अशी, की पोटमाळा भरला तरी खाली माणसं राहतात. रिक्तिकेभोवतीच्या पातळ थरात, पेशीद्रवात, सगळी एन्झाइम्स, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं पार पाडणारी प्रथिनं, कामाला असतात. त्यांना सोडियम सोसत नाही, तिवराच्याही एन्झाइम्सना नाही. आणि रिक्तिका खारट, थर अळणी असं झालं तर थरातलं पाणी रिक्तिका ओढून घेणार. मग या थरात असं काहीतरी विरघळलेलं हवं, जे पाणी धरून ठेवेल पण कामात लुडबुड करणार नाही. झाड ते स्वतः तयार करतं. काय तयार करतं, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मी ऐरोलीच्या पुलापलीकडे, सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. अट्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या ड्रममधलं तपासलं. एकदा स्वतःचं काही तपासावं म्हटलं. साहेबांनी शनिवारी संध्याकाळी लॅब वापरायची परवानगी दिली, अट एकच, सॉल्व्हंटचा हिशेब लिहायचा.

बाल्कनीत पाच कुंड्यांत टोमॅटोची रोपं आणि दोन कुंड्यांत धापा लावला. धापा म्हणजे मिठागरांच्या बांधांवर पसरणारी ती जाड, रसाळ पानांची वेल. उन्हाळ्यात तिचे देठ लालभडक होतात, पावसाळ्यात परत हिरवे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या आणि पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी या झाडावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मी तर ते चालतांना तुडवत मोठा झालो. टोमॅटोच्या तीन कुंड्यांना आणि धाप्याच्या एका कुंडीला बोअरचं पाणी, बाकीच्यांना नळाचं. तिवराची पानं मिळवायला एक रविवार घालवला. भांडुप पंपिंग स्टेशनच्या वाटेवर उधाणाच्या पाण्याने एक फांदी मोडून प्लास्टिकच्या गुंत्यात अडकवली होती, अजून ताजी. तिचीच घेतली.

चाचणी १९७३ सालची आहे, बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, आणि अजून जगभर चालते. ती प्रोलीन मोजते. प्रोलीन हे अमिनो आम्ल, पाणी धरून ठेवणाऱ्या त्या पदार्थांपैकी एक. झाडावर ताण आला, मग तो मिठाचा असो, दुष्काळाचा असो की थंडीचा, की बरीच झाडं ग्लुटामेटपासून ते भराभर बनवायला लागतात. पान सल्फोसॅलिसिलिक आम्लात वाटायचं, गाळायचं, त्यात निनहायड्रिन आणि ॲसिटिक आम्ल घालून तासभर उकळत्या पाण्यात ठेवायचं, मग बर्फात. वर टोल्युईन घालून हलवलं की लाल रंग टोल्युईनमध्ये चढतो, प्रोलीन जितकं जास्त तितका गडद. निनहायड्रिन म्हणजे पोलीस बोटांचे ठसे उमटवायला वापरतात तेच. एरवी ते जांभळा रंग देतं, प्रोलीनला आम्लात मात्र लाल.

मी एकटाच होतो लॅबमध्ये. एसी बंद, खिडकीतून खाडीचा वास. पाच नळ्या बर्फात उभ्या केल्या आणि चहा घेतला.

नळाच्या पाण्यावरचा टोमॅटो : फिकट गुलाबी. बोअरच्या पाण्यावरचा : डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. धापा, नळाचं पाणी : हलका गुलाबी. धापा, बोअरचं पाणी : चांगला लाल, पण टोमॅटोइतका नाही. आणि तिवर, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, जे आयुष्यभर खाऱ्या चिखलात उभं असतं, त्याची नळी जवळजवळ पांढरी.

मी चाचणी परत केली. पुन्हा पांढरी.

खरं सांगतो, घरी येताना बसमध्ये चिडचिड झाली. पुलावरून दोन्ही बाजूंना तिवरंच तिवरं. ओहोटी होती, चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. आणि डोक्यात दोन गोष्टी घोळत होत्या. एक, सर्वांत गडद लाल रंग ज्या टोमॅटोचा आला तो मरत होता. म्हणजे प्रोलीन हे औषध, की नुसता ताप? यावर शास्त्रज्ञांमध्येही वाद आहे. काहींच्या मते प्रोलीन एन्झाइम्सना आणि पेशीच्या पापुद्र्यांना सांभाळतं, काहींच्या मते ते झाडाच्या हालांची खूण आहे. माझ्या मते दोन्ही खरं असावं. घरात आग लागल्यावर बादल्या भरणाराही बादल्या भरतोच. पण नळाखाली आधीपासून पिंप भरून ठेवणारा वेगळा.

दुसरी गोष्ट भांडुप सोडल्यावर सुचली, आणि मी कपाळावर हात मारला. निनहायड्रिन पकडतं ते अमिनो गटाला. नत्रावर निदान एक हायड्रोजन मोकळा असला तरच त्याला हात घालता येतो. तिवराचं पिंप भरलेलं असतं ग्लायसीन बीटेनने. ते मुळात ग्लायसीन हे साधंसुधं अमिनो आम्ल, पण त्याच्या नत्राचे सगळे हात तीन मिथाइल गटांनी आणि एका कार्बनच्या साखळीने अडवलेले. निनहायड्रिनला तिथे धरायला काहीच नाही. मी ज्याला शोधत होतो त्याला न दिसणारा चष्मा घालून शोधत होतो. अट्ठावीस वर्षांच्या केमिस्टला हे शनिवारी रात्री बसमध्ये कळावं!

बीटेनसाठी १९८३ सालची ग्रीव्ह आणि ग्रॅटन यांची पद्धत आहे. वाळवलेलं पान पाण्यात बराच वेळ हलवायचं, अर्क गंधकाम्लात घ्यायचा, थंड करून आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण घालायचं आणि फ्रिजमध्ये सोळा तास ठेवायचं. बीटेनचे पेरिआयोडाइड स्फटिक तळाशी बसतात. ते थंडच ठेवून फिरवून वेगळे करायचे, डायक्लोरोइथेनमध्ये विरघळवायचे आणि ३६५ नॅनोमीटरला मोजायचे. दुसऱ्या शनिवारी आमच्या लॅबच्या फ्रिजमध्ये सहकाऱ्यांच्या डब्याच्या शेजारी तिवर झोपलं होतं. (सोमवारी त्यावरून बोलणी खाल्ली. रास्त होती.) तिवराच्या नळीत तळाशी गडद स्फटिकांचा थर बसला होता. टोमॅटोच्या नळीत नावालाही नाही. कोलीनही या चाचणीत थोडं मिसळतं हे मला माहीत आहे, पण एवढा फरक कोलीनचा नसतो.

कोलीन खरं तर याच गोष्टीतलं आधलं पात्र. हरितकणात कोलीनचं एका एन्झाइमने बीटेन अल्डिहाइड होतं, दुसऱ्याने बीटेन. दोनच पायऱ्या. आणि ते बनतं तिथेच, जिथे प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा मिठाने आणि उन्हाने सर्वांत आधी बिघडते. बीटेन प्रथिनांना चिकटत नाही, हीच त्याची खुबी. ते प्रथिनांपासून अंतर राखून पाण्यात राहतं, त्यामुळे प्रथिनाभोवती पाण्याचं आवरण टिकतं आणि प्रथिन आपली घडी मोडत नाही. मला हे सोवळ्यातल्या आजीसारखं वाटलं. शिवायचं नाही कुणाला, पण तिच्या असण्याने घर घडी मोडत नाही.

आता गंमत. रविवारी माझ्या लक्षात आलं की बीटेन माझ्या गोदामात आहे. पंचवीस किलोचा ड्रम, पांढरी पावडर, मीच दर महिन्याला पास करतो. क्रीममध्ये आणि टूथपेस्टमध्ये ओलावा धरायला घालतात. शाम्पूच्या बाटलीवर जे कोकामिडोप्रोपिल बीटेन असतं ते हे नव्हे, तो फेस आणणारा दुसराच प्राणी, नावात तेवढं साम्य. आमच्या ड्रमच्या कागदावर उगम लिहिलेला : शर्कराबीटची मळी. एकोणिसाव्या शतकात बीटाच्या रसात सापडलं म्हणूनच त्याचं नाव बीटेन. आणि बीट मुळात समुद्रकाठचं. त्याचा रानटी पूर्वज अजून युरोपच्या किनाऱ्यांवर उगवतो. पालक, चाकवत, राजगिरा, चंदनबटवा, सगळी याच कुळातली. आईला सांगितलं, तुझ्या चाकवतात तेच आहे जे तिवरात आहे. ती म्हणाली, "चाकवतात ताक घालतान, तिवरात नाय."

भाताची गोष्ट मात्र तिने लक्ष देऊन ऐकली. भातात बीटेनचा कारखाना धड चालत नाही. दुसऱ्या पायरीच्या एन्झाइमची जनुकं आहेत, पण पहिली पायरी लंगडी. आणि बासमतीसारख्या सुवासिक भातांमध्ये त्या दुसऱ्या पायरीचंही एक जनुक बिघडलेलं असतं. ते बिघडल्यामुळेच आत एक रसायन साठतं, त्यातून पुढे तो सुवास तयार होतो. म्हणजे ज्या घमघमाटासाठी आपण किलोमागे चढे पैसे देतो, तो एका बंद पडलेल्या एन्झाइमचा वास आहे. काही प्रयोगांत असा सुवासिक भात मिठाला जास्त लवकर वाकतो असंही दिसलं. आई लगेच म्हणाली, म्हणून तर आमच्या शेतात वासाचा भात कुणी लावला नाही. खारेपाटात तिच्या लहानपणी राता लावायचे, लाल, जाड, वास नाही, पण बांध फुटून खाडीचं पाणी शिरलं तरी काहीतरी हाती लागायचं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने नंतर पनवेल-१, पनवेल-२ अशा जाती काढल्या, तेव्हा ती लग्न होऊन मुंबईत आली होती. चेन्नईच्या स्वामिनाथन प्रतिष्ठानात तर तिवराची जनुकं भातात घालून पाहिली. "तिवराचा भात?" तिने विचारलं. "मग तो उकडायला लाकूड लागल तिवराचाच."

सगळ्या खारफुटी बीटेनच करतात असं नाही, आणि हे मला सर्वांत आवडलं. बीटेनमध्ये नत्र लागतो, आणि चिखलात नत्राची उधळपट्टी परवडत नाही. म्हणून चिप्पी आणि कांजळा मॅनिटॉल बनवतात, ती साखरेच्या घराण्यातली वस्तू, नुसता कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. ज्याला जे परवडेल ते. (२०२० साली पांढरी चिप्पी महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष झाली, ती हीच.) ठाण्याच्या खाडीत आपण सोडलेल्या सांडपाण्यामुळे नत्राला तोटा नाही. तिवराचं इथे इतकं फावतं त्याला हेही एक कारण असेल का? हा फक्त माझा बसमधला तर्क, त्यावर पैज लावू नका.

धाप्याच्या लाल देठांचं कोडंही यात सुटलं. मीठ आणि ऊन मिळून पेशीत ऑक्सिजनची खवळलेली रूपं तयार होतात, ती दिसेल ते जाळत सुटतात. लाल रंग बीटासारखाच बीटासायनिनचा, तो त्यांना शमवायला मदत करतो. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या सालीतली टॅनिन्सही असलंच काम करतात. माझ्या लहानपणीच्या कोळी शेजाऱ्यांच्या घरी नायलॉनआधीच्या सुती जाळ्यांच्या गोष्टी निघायच्या, साल उकळून त्या काढ्यात जाळी बुडवायची म्हणजे ती कुजत नाहीत. झाडाने स्वतःसाठी केलेलं चिलखत जाळ्याला चढवायचं.

जाता जाता एक. आमच्याच धंद्यात एक्टॉइन नावाचं रसायन सोन्याच्या भावाने विकलं जातं, क्रीममध्ये, डोळ्यांच्या थेंबांत, नाकाच्या स्प्रेमध्ये. ते १९८५ साली इजिप्तमधल्या खारट सरोवरातल्या जिवाणूत सापडलं. बनवायची रीत अशी : जिवाणूंना खूप खारट पाण्यात वाढवायचं म्हणजे ते बचावासाठी एक्टॉइन साठवतात, मग एकदम गोडं पाणी सोडायचं. जिवाणू घाबरून साठा बाहेर टाकतात, तो गोळा करायचा, पुन्हा खारट करायचं. याला त्या लोकांनी दूध काढणं म्हटलंय. मला ठाण्याची खाडी आठवली. दर जूनला तिलाही कुणीतरी असंच एकदम गोडं पाणी सोडतं.

तर शेवटचा प्रयोग. टोमॅटो स्वतः बीटेन बनवत नाही, पण पानांवर फवारलं तर ते घेतो आणि मिठात जरा तगून राहतो, असं परदेशातल्या प्रयोगांत दिसलं आहे. मी ड्रमच्या सॅम्पलमधलं उरलेलं चमचाभर बीटेन पाण्यात विरघळवलं. आता पाचही कुंड्या बोअरच्या पाण्यावर आणल्या. तिघांवर फवारलं, दोन तशाच ठेवल्या. कोणती कुठली हे ओळखायला आइस्क्रीमच्या काड्यांवर पेनने लिहून त्या मातीत खोचल्या. मेचा शेवटचा आठवडा होता.

जूनच्या पहिल्याच पावसात बाल्कनीत पाणी झोडपून आत आलं. सकाळी बघतो तर तीन टोमॅटो उभे, दोन गेलेले. धापा लालचा हिरवा व्हायला लागलेला. आणि पाचही काड्यांवर निळे डाग, अक्षर एकही नाही. अट्ठावीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय, लेबलाला पाण्यात न धुपणारी शाई वापरा. आईने उभ्या तिघांपैकी एकाचं पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाली, यंदा टोमॅटो होतील असं वाटत नाही, मिरची लाव.